फेशियल शिकताना हाताला ऐकायला कसं शिकवायचं

पार्लरच्या क्लासमध्ये पहिल्या आठवड्यातच क्रीमची नावं आणि स्ट्रोकचा क्रम पाठ होतो. हाताचं वजन किती पडतंय, वेग किती आहे, समोरच्या बाईचा श्वास कसा चाललाय, हे सहसा कुणी शिकवत नाही. त्यामुळे परीक्षा पास झालेली मुलगीसुद्धा कपाळावर हात असा फिरवते, जणू काच पुसतेय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे नव्याने हे काम शिकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. घरी आई-सासूच्या चेहऱ्याला हात लावणाऱ्यांनाही तो चालेल.

एक गोष्ट आधीच मान्य करू. मसाजने चेहरा उचलला जात नाही, शरीरातली ‘घाण’ बाहेर पडत नाही आणि सुरकुत्या पुसल्या जात नाहीत. आवळून धरलेला जबडा सैल होतो, डोळ्यांखालची सकाळची सूज थोडी उतरते, श्वास संथ होतो, त्वचेला तेल-पाणी मिळतं. एवढं नीट साधलं तरी बाई पुढच्या महिन्यात परत येते. खोटं आश्वासन देऊन आणलेली येत नाही.

आधी स्वतःचं शरीर

तुमचे खांदे कानापर्यंत चढलेले असतील तर तो ताण बोटांत उतरतो आणि समोर झोपलेल्या बाईला तो कळतो. स्टुलावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. हात तिच्या गालावर असताना कोपर काटकोनाहून किंचित उघडं आणि मनगट सरळ असावं. मनगट वाकवून दाब दिला की दोन-तीन महिन्यांत अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागतं. काही मुली याच दुखण्याने हे काम सोडतात. दाब हवा असेल तेव्हा बोटाने ढकलू नका, कमरेतून थोडं पुढे झुका. शरीराचं वजन आपोआप हातात येतं आणि तोच हात मऊ लागतो.

नखं बोटाच्या मांसाच्या आत कापलेली हवीत. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. बांगड्यांचा आवाज कानाशी किती मोठा होतो, हे झोपून ऐकल्याशिवाय समजत नाही. शिकतानाच एकदा स्वतः झोपा आणि मैत्रिणीकडून पूर्ण फेशियल करून घ्या. सतरा सूचना ऐकण्यापेक्षा त्या पाऊण तासात जास्त कळतं.

दाब आणि वेग मोजून शिका

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर घडी घातलेला नॅपकिन ठेवा आणि बोटांनी दाबून आकडा बघा. एका अनामिकेने 20 ते 30 ग्रॅम, हा डोळ्याभोवतीचा दाब. तीन बोटांच्या गाद्यांनी 100 ते 150 ग्रॅम, हा गाल आणि कपाळाचा. दोन बोटांनी 400 ते 500 ग्रॅम, हा जबड्याच्या स्नायूचा. खांद्याच्या जाड मांसावर तळव्याने दीड किलोपर्यंत चालतं, अर्थात विचारून. पहिल्या दिवशी बहुतेकींचा ‘हलका’ हात 200 ग्रॅमच्या वर जातो. रोज दहा मिनिटं, आठवडाभर केलं की काट्याकडे न बघता आकडा येऊ लागतो.

वेगाचंही तसंच. केस असलेल्या त्वचेत, म्हणजे बारीक लव असलेल्या चेहऱ्यातही, काही मंदगती मज्जातंतू असतात. त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी त्यांचा बराच अभ्यास केला आहे. सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर वेगाने हात फिरला तर हे तंतू सर्वांत जास्त जागे होतात, आणि त्याच वेगाचा स्पर्श माणसांना सर्वांत सुखद वाटतो. स्पर्श त्वचेइतकाच उबदार असला तर त्यांचा प्रतिसाद आणखी चांगला मिळतो. हात घाईने किंवा गार फिरला की ही वाट मंदावते आणि उरतं ते नुसतं घासणं.

सेकंदाला 3 सेंटिमीटर धरून हिशेब करा. हनुवटीच्या मधापासून कानाच्या पाळीपर्यंत साधारण 12 सेंटिमीटर, म्हणजे एका स्ट्रोकला चार सेकंद. भुवईपासून केसांच्या रेषेपर्यंत दोन सेकंद. मनात ‘एक विठ्ठल, दोन विठ्ठल’ असं मोजलं की सेकंद बरोबर बसतो. सुरुवातीला हे फार संथ वाटेल, हात पुढे पळेल. पळू देऊ नका.

झोपवण्याआधी विचारायचं ते

उभ्या-उभ्या विचारू नका. बसवून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन विचारा. गेल्या दोन आठवड्यांत चेहऱ्यावर बोटॉक्स किंवा फिलरचं इंजेक्शन घेतलंय का? मुरुमांच्या गोळ्या, विशेषतः आयसोट्रेटिनॉइन, चालू आहेत का? मुरूम-सुरकुत्यांसाठी रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइनचं क्रीम लावता का? रक्त पातळ करणारी गोळी? गळ्याला थायरॉइडची सूज, डोळ्याचं नुकतं झालेलं ऑपरेशन, दातदुखी? दिवस गेलेत का? शेवटच्या तीन-चार महिन्यांत पाठीवर सपाट झोपवू नका. पोटाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडून तिला गरगरतं. डोक्याकडची बाजू चांगली वर करा किंवा डाव्या कुशीवर उशी देऊन झोपवा.

ताप, ओठावर फुटलेली नागीण, आलेले डोळे, पिकलेले मोठे मुरूम, उन्हाने भाजलेली कातडी यांपैकी काही असेल तर त्या दिवशी हात लावायचा नाही. पैसे परत देऊन पुढची तारीख द्या. चेहऱ्याची एक बाजू अचानक लोंबलेली दिसली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर मसाजचा विचारही न करता लगेच दवाखान्यात पाठवा.

आपल्याकडच्या पार्लरमध्ये मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी बोलणाऱ्या सगळ्या बायका येतात. दुखतंय हे तिला तिच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. चार कन्नड शब्द पाठ ठेवा. ‘नोवु आगतदेनु?’ म्हणजे दुखतंय का. ‘साकु’ म्हणजे पुरे. ‘ब्याड’ म्हणजे नको. ‘मेल्लक’ म्हणजे हळू. ती ‘बिसी’ म्हणाली तर टॉवेल गरम लागतोय. शिवाय भाषेवाचूनची खूणही ठरवून घ्या. बोट वर उचललं की थांबायचं, मग कारण विचारायचं. शहापूर, वडगाव, खासबागकडून येणाऱ्या, मागाच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या बाईला हळू आवाज ऐकू येत नसेल, तेव्हा ही खूणच कामाला येते.

गळ्यातलं, कपाळावरचं

हा भाग कुठल्याच पुस्तकात नसतो, आणि चुका सर्वांत जास्त इथेच होतात. कुंकू, टिकली, मंगळसूत्र, नथ यांना आपण हात लावायचा नाही. ‘काकू, कुंकू पुसलं तर चालेल का, की तेवढी जागा सोडू?’ असं विचारा. काही जणी पुसू देत नाहीत. मग भुवयांच्या मधे बोट न नेता दोन्ही बाजूंनी कपाळ करा, फार काही बिघडत नाही. लिंगायत बाईच्या गळ्यात इष्टलिंग असेल तर ते काढायला सांगू नका आणि बाजूलाही सरकवू नका. ती स्वतः हवं तसं ठेवील. तुम्ही वर स्वच्छ कोरडा नॅपकिन घाला म्हणजे तेल लागणार नाही. बुरखा-हिजाब काढणाऱ्या बाईसाठी दार आतून बंद हवं, आणि फेशियल चालू असताना कुणी आत डोकावणार नाही याची हमी आधीच द्या. जैन घरातली असेल तर पॅकमध्ये मध किंवा अंडं आहे का ते सांगून विचारा. अनेक जणी मध वर्ज्य मानतात. दही-बेसन किंवा मुलतानी मातीने काम भागतं.

टिकली काढल्यावर खालची जागा नीट बघा. टिकलीच्या गोंदामुळे काहींना तिथे खाज येते, काहींना पांढरा डाग पडतो. डाग दिसला तर घासू नका, स्क्रब लावू नका. टिकली बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, असं सौम्यपणे सांगा.

प्रत्यक्ष काम

एकूण पाऊण तास धरा. त्यातली 18 ते 20 मिनिटं मसाजची.

पहिला स्पर्श चेहऱ्यावर करू नका. हात कोमट पाण्याने धुऊन पुसा आणि एकमेकांवर चोळून गरम करा. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची सकाळ बरीच गार असते, तेव्हा हात दोन मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवले तरी चालेल. मग ‘आता खांद्यावर हात ठेवते’ असं सांगून दोन्ही तळवे खांद्यांवर ओढणीवरूनच ठेवा. काही करायचं नाही. तिचे तीन श्वास होऊ द्या. तिच्या श्वासाबरोबर तुमचे तळवे वर-खाली होतात की नाही ते बघा. होत नसतील तर ती श्वास वर छातीत रोखून आहे, म्हणजे आज सगळं आणखी संथ करायचं.

क्लेंझिंगला क्लेंझिंग मिल्क मोठ्या वाटाण्याएवढं पुरतं. पुसायचा ओला स्पंज पिळलेला हवा, पाणी कानात किंवा मानेवर ओघळता कामा नये. एक थेंब ओघळला की सैल पडलेलं अंग परत आवळतं. गरम टॉवेल द्यायचा असेल तर साधारण 40 अंशांच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. चेहऱ्यावर टाकताना नाक उघडं ठेवा, आणि ‘डोळ्यांवर झाकलं तर चालेल का?’ हे आधी विचारा. अंधार आणि वाफ एकदम आली की काहींचा जीव घाबरतो.

तेल: एक चमचा, म्हणजे 5 मिली, गळ्यासह सगळ्या चेहऱ्याला पुरतं. कोरड्या त्वचेला बदाम किंवा तीळ. मुरूम येणाऱ्या त्वचेला खोबरेल लावू नका, रंध्रं बुजतात. नवीन तेल वापरायचं असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून 24 तास वाट बघा. तेल थेट गालावर ओतायचं नाही. तळव्यात घेऊन गरम करा, मग दोन्ही तळवे गालांवर टेकवा.

मान आणि खांदे आधी, चेहरा नंतर. उलट केलं तर मानेतला ताण तसाच राहतो आणि चेहरा सैल होत नाही. निपाणीकडच्या, मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बिड्या वळणाऱ्या बाईची मान मागून दगडासारखी झालेली असते. तिथे वेळ द्या. कवटीच्या खालच्या कडेला, मणक्याच्या दोन्ही बाजूंना बोटांची टोकं ठेवून डोक्याचं वजन त्यांवर येऊ द्या. दाबू नका. डोकं जड झालं की स्नायू सुटतोय असं समजा. ती स्वतःच डोकं उचलून तुम्हाला ‘मदत’ करत असेल तर अजून सुटलेलं नाही. ‘डोकं माझ्या हातात सोडा’ असं एकदा म्हणा आणि थांबा.

गळ्याच्या पुढच्या भागात फार जपून. घाटीच्या दोन्ही बाजूंना, जबड्याच्या कोनाखाली नाडी लागते, तिथे दाब नाही. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी तर कधीच नाही. त्या जागी दाबलं की नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. गळ्याच्या कडेने अगदी हलका, त्वचा जेमतेम सरकेल असा हात वरून खाली, कॉलरबोनच्या खळग्याकडे न्या. सूज उतरवण्यासाठी लसिकेची, म्हणजे पेशींभोवतीचं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या द्रवाची, वाट हीच आहे. इथे जोर लावला तर फायदा कमी होतो, कारण या नलिका त्वचेच्या लगेच खाली असतात आणि दाबाने चेपतात.

जबड्याला सर्वांत जास्त वेळ द्या. ‘दात एकदा घट्ट चावा’ म्हणा, कानाच्या पाळीखाली पुढच्या बाजूला जो टणक उंचवटा येतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. ‘आता सोडा, दातांमध्ये फट ठेवा, ओठ मिटलेले चालतील.’ मग दोन बोटं त्यावर टेकवून तीन श्वास थांबा, आणि तिच्या उच्छ्वासाबरोबर दाब थोडा वाढवा. गोल-गोल घासण्यापेक्षा असं थांबणं जास्त सोडवतं. एक बाजू जास्त टणक लागली तर विचारा, बहुतेक वेळा ती त्याच बाजूने चावते किंवा रात्री दात खाते. तोंड उघडताना कटकट आवाज येत असेल आणि दुखत असेल तर दाब देऊ नका, दाताच्या डॉक्टरांचं ते काम आहे.

कानशिलावर तळवा पसरून ठेवा, बोट रोवू नका. प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताने शरीरातली 107 मर्मं, म्हणजे इजेला नाजूक जागा, सांगितली, त्यात कानशिलाचं शंख मर्म इजा झाली तर सर्वांत घातक ठरणाऱ्या मर्मांमध्ये मोजलं आहे. आजकाल ‘मर्म पॉइंट’ म्हणून तिथे अंगठ्याने जोर लावायला शिकवतात. त्या ग्रंथातली सूचना नेमकी जपण्याची आहे. भुवयांमधलं स्थपनी, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातलं अपांग, इथेही हलकाच हात.

डोळ्याभोवती फक्त अनामिका, तीही हाडावर. पापणीची कातडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, ती ओढली गेलेली नुसत्या डोळ्यांनाही दिसते. कातडीची लाट बोटापुढे उठत असेल तर तेल कमी आहे किंवा दाब जास्त. लेन्स आधी काढायला सांगा. मग भुवईवर आतून बाहेर, कपाळावर खालून वर, शेवटी कानाच्या पाळ्या दोन बोटांत धरून हळू खाली. कान हा भाग बऱ्याच जणी सोडून देतात. तो सोडू नये, तिथे बाईचा श्वास एकदम खोल जाताना दिसतो.

एक नियम पूर्ण वेळ पाळा: दोन्ही हात एकदम उचलायचे नाहीत. तेल घ्यायचं, टॉवेल घ्यायचा, तर एक हात कपाळावर किंवा खांद्यावर राहू द्या. डोळे मिटलेल्या बाईला दोन्ही हात अचानक गेले की पुढचा स्पर्श कुठून येणार हे कळत नाही, आणि ती वाट बघत ताणून राहते.

तिचं अंग काय सांगतंय

तोंडाने ‘बरं वाटतंय’ म्हणणारी बाई पायाची बोटं आवळून असू शकते. आपल्याकडे ‘दुखतंय’ म्हणायला संकोच फार, त्यातून तुम्ही वयाने लहान असलात तर मोठ्या बायका सांभाळून घेतात. म्हणून दर पाच मिनिटांनी नजर तळव्यांपासून पायांपर्यंत फिरवा. मुठी मिटलेल्या, श्वास अडकलेला, भुवयांमध्ये आठी, वारंवार गिळणं, यांपैकी काही दिसलं की दाब निम्मा करा आणि थांबा. ‘कसं वाटतंय?’ विचारलं तर ‘छान’ असंच उत्तर येतं. त्याऐवजी ‘एवढाच ठेवू, की हलका करू?’ असं विचारा. निवड दिली की खरं उत्तर मिळतं.

कधी कधी मान किंवा जबडा सुटताना डोळ्यांतून पाणी येतं. घाबरू नका, ‘काय झालं काकू?’ म्हणून खोदूही नका. हात आहे तिथेच स्थिर ठेवा, दुसऱ्या हाताने नॅपकिन तिच्या हातात द्या, ‘थांबू का, की चालू ठेवू?’ एवढंच विचारा. ती बोलली तर ऐका. जे ऐकलं ते त्या खोलीबाहेर जाता कामा नये. गल्लीत सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे ही गोष्ट तेल-क्रीमपेक्षा मोठी आहे.

बिघडतं कुठे

फेशियलनंतर दोन-तीन दिवसांनी बारीक पुळ्या आल्या तर बहुधा तेल जड होतं किंवा नीट पुसलं गेलं नाही. त्याच दिवशी थ्रेडिंग करून वर तेल लावलं तरी जळजळ होते, पुळ्या येतात. थ्रेडिंग एक दिवस आधी उरका. हलका लालपणा तासाभरात जायला हवा. राहिला तर स्क्रब जास्त झाला किंवा वाफ फार दिली. वाफ पाच मिनिटांच्या आत, यंत्र दीड हात लांब. दम्याच्या बाईला वाफ नको. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीवर नवीन उत्पादन कधीही वापरू नका. ते किमान दोन आठवडे आधी करून बघा.

पावसाळ्यात, खानापूरकडे तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत, टॉवेल वाळत नाहीत आणि कुबट वास धरतात. नाकाजवळ तो वास आला की बाकी सगळं वाया जातं. गरम पाण्यात धुऊन, शेवटी इस्त्रीने कोरडे करून डब्यात ठेवा आणि माणशी दोन धरा. पूर्वेला अथणीकडे हवा कोरडी, तिथे तेल लवकर मुरतं, दीड चमचा लागू शकतो.

संपवताना जसं सुरू केलं तसंच खांद्यांवर हात ठेवून तीन श्वास थांबा. ‘आता हात काढते’ म्हणा आणि एकेक करून काढा. लगेच उठवू नका. कुशीवर वळून, मिनिटभर बसून, मग उभं राहू द्या. पाणी द्या.

ती गेल्यावर वहीत दोन ओळी लिहा: तारीख, कोणतं तेल, कोणती बाजू टणक, कुठे हलका हात मागितला, कुंकवाची जागा सोडायची की नाही. दुखणं-बिखणं लिहिलेली ही वही काउंटरवर उघडी ठेवू नका. पुढच्या वेळी ती यायच्या आधी ते पान वाचा, आणि तेच प्रश्न तिला परत विचारू नका.